तीन तुकड्यांची चासी

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या कारखान्यात दोन माणसं पूजेला यायची नाहीत. एक आमचे डिझाइनचे साहेब आणि दुसरा इन्स्पेक्टर. सगळा कारखाना यंत्रांना हार घालण्यात गुंतलेला असायचा तेव्हा हे दोघं स्टोअरच्या मागच्या बाकावर बसून चहा प्यायचे. साहेब देव मानत नसत म्हणून. आणि इन्स्पेक्टर बौद्ध, त्याच्या आईबापांनीच हे सगळं कधीचं सोडून दिलेलं, म्हणून. लोक लांबून बघायचे, 'गेले बघ बाकावर' म्हणून हसायचे, पण त्यांना बोलवायला कुणी जायचं नाही.

मी मात्र पूजेत असायचेच, आणि ते हौसेने नव्हे. ड्रॉइंग ऑफिसात मी एकटी बाई, त्यामुळे ताट, निरांजन, हळदीकुंकू हे सगळं दरवर्षी माझ्या गळ्यात पडायचं. मशीन ड्रॉइंगमध्ये मी वर्गात पहिली आले होते, पण तिथे कुणाला त्याचं काय! 'बाईमाणूस आहे, नीट करेल' म्हणायचे आणि ताट हातात द्यायचे. घाटकोपरच्या आमच्या दीड खोलीतून मी आईचा कुंकवाचा पितळी करंडा पिशवीत घालून आणायची. पुढे जे झालं त्यात करंडा माझा होता, एवढ्यावरून कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये, हे आधीच सांगून टाकते. मी तो फक्त आणला होता.

कारखाना मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये, आग्रा रोडला. आम्ही लहान गाड्या बनवायचो. मालाचा टेम्पो, मिनीबस आणि ॲम्ब्युलन्स. बनवायचो म्हणजे चासी बनवायचो. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा: दोन लांब पोलादी पट्ट्या, मधे आडव्या पट्ट्या, त्यावर इंजिन आणि खाली चाकं. वरचं घर, म्हणजे बॉडी, अंधेरी-कुर्ल्याकडच्या गॅरेजवाल्यांकडून बांधून व्हायचं. आमच्या फाटकातून नुसते सांगाडे बाहेर पडायचे. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसलेला, तोंडाला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, ना दार ना छप्पर. नवीन माणसाला वाटायचं, अपघात होऊन उरलेली गाडी चाललीय. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

गोची अशी होती की तिन्ही गाड्यांच्या चासी वेगळ्या. टेम्पोची पट्टी आखूड, मिनीबसची लांब, ॲम्ब्युलन्सची मधेच खाली उतरलेली. प्रत्येकीचा साचा वेगळा. प्रेसवर एक साचा काढून दुसरा चढवायचा म्हणजे दिवसच्या दिवस जायचे. त्यामुळे टेम्पो निघत असले की ॲम्ब्युलन्सवाले ताटकळायचे, आणि ॲम्ब्युलन्स निघायला लागल्या की टेम्पोवाले मालक खाली येऊन आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. वर खिडकीत बसून मी मुलुंडच्या निम्म्या शिव्या तिथेच शिकले.

यावर आमच्या साहेबांनी जो उपाय काढला, त्याला ते मॉड्युलर म्हणायचे. खालच्या शॉपमध्ये लगेच 'मोडूलर, म्हणजे मोडणार' असं सुरू झालं. साहेबांनी ते ऐकलं होतं, पण चिडले नाहीत. ते चिडायचेच नाहीत. मी त्यांच्या वाटणीचं चिडायची.

मला त्यांनी हे सगळं जेवणाच्या डब्यावरून समजावलं होतं. त्यांचा तीन पुडांचा डबा होता, कडी लावून बंद करायचा. त्यांनी तो टेबलावर सोडवून मांडला आणि म्हणाले, "बाई, बघा. हा भाताचा पूड मोठा, हा भाजीचा लहान. उद्या घरी पाहुणे आले तर भाताचा अजून मोठा लागेल. सगळा डबा बदलायचा का?"

"नाही. पूड बदलायचा."

"कसा काय बसेल?"

"काठ एकसारखा असला की बसेल."

"झालं तर मग! आधी काय बदलायचं नाही ते ठरवायचं. मग बाकीचं हवं तेवढं बदलू द्यायचं."

बस, हीच त्यांची पद्धत. चासीचे तीन तुकडे करायचे. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि स्टिअरिंग, तो तिन्ही गाड्यांना तोच. मागच्या तुकड्यावर मागची चाकं आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगा, तोही तोच. फक्त मधला तुकडा गाडीप्रमाणे आखूड, लांब किंवा उतरता. आणि हे तुकडे जिथे एकमेकांना भेटतात तिथे सगळीकडे एकसारखी जाड पट्टी, एकसारखी भोकं, एकसारखे बोल्ट. त्या जोडाचं ड्रॉइंग मी काढलं. किती वेळा काढलं ते विचारू नका. भोकं जवळ घेतली की पट्टी कमजोर, लांब घेतली की बोल्ट कमजोर. मधला तुकडा चुकून उलटा बसू नये म्हणून एका कोपऱ्यातलं भोक साहेबांनी मुद्दाम बाजूला सरकवलं. असल्या गोष्टीत त्या माणसाचं डोकं असं चालायचं की बघत राहावं. मला तेव्हा मनापासून वाटायचं, मी एका मोठ्या कामात आहे. आजही वाटतं.

साहेब परळच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. स्वतः रात्रशाळा करून इथवर आलेले. निवृत्ती जवळ आलेली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या, परदेशातून आलेल्या ड्रॉइंगांवरून गाड्या काढल्या होत्या. ही एक चासी त्यांची स्वतःची. तसं ते बोलून दाखवायचे नाहीत, पण जोडाचं ड्रॉइंग बोर्डवर असलं की जाता-येता त्यावर हात फिरवायचे. माझी शाई ओली असतानासुद्धा. मी ओरडायची.

मोठ्या साहेबांचा, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरचा, या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं एकच, अखंड पट्टी ती अखंड पट्टी, जिथे जोड तिथे खोड. शेवटी वैतागून म्हणाले, "एक नमुना करा. वाळूची पोती भरा, घोडबंदर रोडने बोरिवलीपर्यंत जाऊन या. टिकला तर पुढचं बोलू. नाहीतर फाइल बंद, आणि परत हा विषय माझ्यापुढे आणायचा नाही."

तेव्हाचा घोडबंदर रोड ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. खड्ड्यांमध्ये मधेमधे रस्ता असायचा.

नमुना तयार होत आला आणि नवरात्र आलं. इथे बोल्टांचा नियम सांगायला हवा, कारण सगळं घोडं पुढे तिथेच अडलं. पहिल्या पाळीचा फिटर बोल्ट घालून साध्या पान्याने आवळायचा. दुसऱ्या पाळीचा फिटर टॉर्क पान्याने, म्हणजे जो ठरलेल्या जोराला 'कट्' असा आवाज करतो त्या पान्याने, शेवटचा पीळ द्यायचा आणि त्या बोल्टच्या डोक्यावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवायचा. लाल ठिपका म्हणजे बोल्ट पक्का. मग इन्स्पेक्टर येऊन ठिपके बघायचा, चारदोन बोल्टांवर स्वतः पाना लावून बघायचा आणि सही करायचा. नियम साहेबांनीच घालून दिलेला.

खंडेनवमीच्या सकाळी पहिल्या पाळीच्या फिटरने जोडाचे बोल्ट साध्या पान्याने आवळले. दुपारी काम थांबलं, पूजा झाली. सगळी हत्यारं, टॉर्क पान्यासकट, पाटावर मांडलेली. एकदा पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, त्यामुळे दुसऱ्या पाळीला सुट्टीच दिली होती. पुढे दसऱ्याची सुट्टी. नमुना त्यानंतर निवांत पक्का करायचा, असं ठरलेलं.

त्या वर्षी बाकावर साहेब एकटेच असणार होते. इन्स्पेक्टर आईला घेऊन नागपूरला गेला होता. दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर जायची तिची फार वर्षांची इच्छा होती. जाताना मला म्हणाला होता, "माझ्या साहेबांना चहा पोचता कर गं, नाहीतर बसतील तसेच."

पूजा उरकल्यावर मी चहा घेऊन स्टोअरच्या मागे गेले तर बाक रिकामा. प्रसादाला सगळे कॅन्टीनकडे पळालेले. करंडा विसरला होता म्हणून मी नमुन्याच्या शेडमध्ये शिरले, आणि जे बघितलं त्याने जागीच थांबले.

साहेब नमुन्यापाशी उकिडवे बसले होते. डाव्या हातात माझा करंडा. उजव्या हाताची बाकीची बोटं मिटून, करंगळीशेजारच्या एका बोटाने ते जोडाच्या एकेका बोल्टला कुंकू लावत होते. इतरांनी पूजेत इंजिनावर, चाकांवर हळदीकुंकवाचे नुसते फराटे ओढले होते. साहेबांचं तसं नाही. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, एक ठिपका. जन्मभर ड्रॉइंग काढलेलं बोट ते, हलणार कसं? बोल्टवरच्या तेलात कुंकू छान बसत होतं.

मला बघून ते दचकले. करंडा पुढे केला.

"तुमचा आहे ना? घ्या."

"साहेब, तुम्ही?"

"माझे वडील लावायचे असं, साच्याला. लहानपणी मी बघायला जायचो." मग बोल्टांकडे बघत, "म्हटलं लावून ठेवू. काय जातंय!"

मला हसू आलं आणि त्यांची मायाही वाटली. एवढा मोठा माणूस, पण परीक्षेला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. मी करंडा पिशवीत टाकला, चहा त्यांच्या हातात दिला आणि त्याबद्दल कुणाला काही बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात मला काही दिसलंच नाही. लाल रंगाचा ठिपकाही बरोबर तिथेच असतो, हे माझ्या डोक्यात नव्हतं, कारण मी वरच्या मजल्यावरची. त्यांच्या मात्र डोक्यात असायला हवं होतं. पण हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला नियम कुठला आठवतो?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब शॉपमधून फिरताना नमुन्यापाशी थांबले. पहिल्या पाळीच्या फिटरने वाकून बघितलं, बोल्टांवर लाल ठिपके. त्याला वाटलं, पूजेआधी दुसऱ्या पाळीवाला लवकर येऊन काम उरकून गेला असणार. म्हणाला, "ठिपके लागलेत, साहेब. तयार आहे." मोठे साहेब म्हणाले, मग थांबायचं कशाला, काढा आत्ताच. वाळूची पोती भरली. ड्रायव्हर पंचा गुंडाळून खोक्यावर चढला. इन्स्पेक्टर नागपूरच्या गाडीतून उतरून तसाच कामावर आलेला, दोन रात्रीचं जागरण. गाडी फाटकाशी घुरघुरतेय, मोठे साहेब घड्याळ बघतायत. तो खाली वाकला, सगळ्या बोल्टांवरचे ठिपके पाहिले, आणि पाना न लावता सही केली. आमचे साहेब जिन्यावरून धावत खाली येईपर्यंत गाडी आग्रा रोडला लागली होती.

दुपारी ती दुसऱ्या ट्रकच्या मागे दोरखंडाने बांधून परत आली. घोडबंदरला अर्ध्या वाटेवर मधला जोड आधी खडखडला, मग दोन बोल्ट रस्त्यावर पडले आणि सांगाडा कमरेत वाकला. ड्रायव्हर शहाणा, आवाज ऐकताच गाडी कडेला घेतली, म्हणून त्याला खरचटलंसुद्धा नाही. शॉपमध्ये मोडूलरची गाणी सुरू झाली. साहेबांनी कोट काढून ठेवला आणि स्वतः गाडीखाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. ड्रॉइंगांची गुंडाळी घेऊन मी पण. टेबलावर ट्रेमध्ये उरलेले बोल्ट आणि जोडाची पट्टी. आमचे साहेब आत आले ते चेहऱ्यावर उजेड घेऊनच. त्यांनी पट्टी उचलून सगळ्यांना दाखवली. भोकं गोलच्या गोल, कुठे लांबलेली नाहीत. पट्टीला चीर नाही. एक बोल्ट तुटलेला नाही, नुसते फिरून बाहेर आलेत. "हा जोड मोडलेला नाही, साहेब," ते म्हणाले, "हा जोड घट्ट केलेलाच नव्हता. बोल्टला शेवटचा पीळच दिलेला नाही. पक्के करून परत पाठवा, काही होणार नाही. मी लिहून देतो!"

मोठ्या साहेबांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. त्यांना पटलं हे दिसत होतं. "ठीक आहे. म्हणजे डिझाइनचा दोष नाही. मग कुणाचा?"

केबिनमधल्या सगळ्या माना इन्स्पेक्टरकडे वळल्या.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "पाना लावून बघायला हवा होता, नाही बघितला, ती चूक माझी. पण ठिपके होते. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले. आताही त्या ट्रेमध्ये आहेत."

दुसऱ्या पाळीचा फिटर म्हणाला, "मी नाही लावले. मला पाळीच नव्हती, पाना देवापुढे होता."

"म्हणजे ठिपके आपोआप उगवले?" मोठे साहेब म्हणाले.

शॉपच्या फोरमनने तेवढ्यात तोंड घातलं. "स्वतःच लावले असतील, साहेब, सही जुळवायला. पूजेला हजर राहायचं नाही, नागपूरला गर्दीत फिरून यायचं, आणि मग झोपेत रंग फासायचा." इन्स्पेक्टरचा जबडा हललेला मी पाहिला. माझ्या हातात गुंडाळी होती म्हणून, नाहीतर त्या फोरमनच्या डोक्यात काहीतरी घातलं असतं. इतका संताप मला त्या कारखान्यात पुन्हा कधी आला नाही.

आणि मग मी आमच्या साहेबांकडे पाहिलं. ते ट्रेमधल्या बोल्टांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला होता. त्यांना कळलं होतं. त्यांचं तोंड बघून मलाही त्याच क्षणी कळलं.

मोठे साहेब म्हणाले, जेवणानंतर परत बसू. ठिपके कुणी लावले हे कळलं नाही, तर खोटा ठिपका आणि खोटी सही दोन्ही इन्स्पेक्टरच्या नावावर, आणि आजपासून त्याने कामावर यायचं नाही. नमुना परवा परत घोडबंदरला जाईल.

जेवणाच्या सुट्टीत साहेब टेबलाशी बसले होते. डब्याची कडीसुद्धा काढलेली नव्हती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही सांगणार की नाही?"

"बाई, मी काय सांगू?" ते अगदी हळू म्हणाले. "आत्ता त्यांना पटलंय. परवा गाडी परत जाईल आणि नीट येईल. मी हे सांगितलं की संपलं. हसतील. म्हणतील, ज्याला स्वतःच्या जोडाचा भरवसा नाही, कुंकू लावतो, त्याची चासी आम्ही का काढायची? परत ती कधी व्हायची नाही. माझ्याकडे आता वर्षं नाहीत."

"आणि त्याची नोकरी?"

"त्याला मी दुसरीकडे लावून देईन. माझ्या ओळखी आहेत."

"खोटारडा म्हणून हाकललेल्याला? चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तुम्हाला चालणार? त्याने ठिपका बघितला, ठिपका होता! तुम्ही लावला होता!" माझा आवाज चढला होता. आजूबाजूचे बघायला लागले तशी मी आवाज खाली घेतला. "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. करंडा आहे माझ्या पिशवीत."

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं आता हा माणूस पहिल्यांदा चिडणार. पण ते एवढंच म्हणाले, "नको. तुम्ही कशाला? बोट माझं आहे."

मग त्यांनी डब्याची कडी काढली, पुन्हा लावली आणि उठले.

केबिनमध्ये ते बसलेच नाहीत. ट्रेमधला एक बोल्ट उचलला, मोठ्या साहेबांच्या पुढ्यातल्या पाण्याच्या ग्लासात रुमालाचं टोक बुडवलं आणि बोल्टचं डोकं चोळलं. रुमालावर लालभडक उतरलं. तो त्यांनी टेबलावर पसरून ठेवला.

"रंग असा निघत नाही. हे कुंकू आहे. खंडेनवमीला मी लावलं. इन्स्पेक्टरने जे बघितलं ते खरं होतं."

आधी फोरमनला हसू फुटलं आणि मग सगळेच हसले, "साहेब, तुम्ही? तुम्ही?" करत. मोठे साहेब मात्र एकदाच हसले आणि थांबले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "तुमचा जोड चांगला आहे हे मी मानतो. पण बघा, तुम्ही स्वतः, हा नियम करणारा माणूस, तुमच्या हातून हे झालं. ही गाडी उद्या अंधेरीच्या गॅरेजात जाईल. तिथे तर पहिल्या दिवसापासून लिंबू, मिरच्या, कुंकू, सगळंच लागतं. अखंड पट्टीला काय फासायचं ते फासा, ती सुटत नाही. तुमची सुटते."

साहेबांकडे याला उत्तर असणार असं मला वाटलं. बोल्टऐवजी रिव्हेट, नाहीतर वेगळा नट, काहीतरी. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण मोठ्या साहेबांनी फाइल मिटली होती.

इन्स्पेक्टरला पाना न लावल्याबद्दल ताकीद मिळाली. नोकरी राहिली. जिन्यावर साहेब त्याच्यासाठी थांबले होते. मी दोन पायऱ्या मागे. मला वाटलं, तो आभार मानेल.

तो म्हणाला, "काढून टाकलं असतं ना साहेब, तर दुसरीकडे गेलो असतो. तेवढा हात आहे माझ्यात. पण एवढ्या मोठ्या कारखान्यात मला वाटायचं, आपल्या बाकावर अजून एक माणूस आहे. मी एक वर्ष नव्हतो. आणि तुम्ही पण?"

तो खाली निघून गेला.

त्यानंतर तो साहेबांशी कामापुरतं बोलायचा. 'हो साहेब', 'झालं साहेब', बस. स्टोअरमध्ये जाऊन त्याने लाल रंग बंद करवला आणि निळा मागवला. नमुना दुरुस्त झाला, पण घोडबंदरला गेला नाही. कारखान्याच्या आतल्या आत ओतीव माल वाहायला त्याला जुंपलं. जोड पक्का केलेला, बोल्टांवर निळे ठिपके. सुटला नाही की कुरकुरला नाही, वर्षभर मी खिडकीतून बघत होते. साहेबही बघायचे. नव्या ड्रॉइंगांवर ते हात फिरवेनासे झाले, तेव्हा माझी शाई नीट वाळायला लागली आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढची खंडेनवमी आली. साहेबांची ती कारखान्यातली शेवटची. मी ताट घेऊन शेडकडे चालले होते, तर स्टोअरच्या मागे साहेब बाकावर बसलेले दिसले, एका टोकाला, दुसऱ्याची जागा सोडून. त्या वर्षी इन्स्पेक्टर कामावर होता, पण तो इकडे येईल असं मला वाटलं नव्हतं. साहेबांनाही वाटलं नसावं, कारण ते रस्त्याकडे बघतच नव्हते.

तो आला. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. ते त्याने बाकाच्या कडेला ठेवले आणि साहेबांसमोर उभा राहिला.

"हात दाखवा."

साहेबांना आधी समजलं नाही. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, शाळेतली पोरं नखं दाखवतात तसे. त्याने वाकून एकेक बोट पाहिलं. पालथं केलं, सुलटं केलं. अगदी सावकाश, फाटकाशी गाडी उभी नसल्यासारखं. मग खिशातून निळ्या रंगाची बारकी डबी आणि काडी काढली, आणि साहेबांच्या उजव्या हाताच्या त्याच बोटाच्या नखावर एक ठिपका ठेवला.

"बसा," तो म्हणाला, "चहा गार होतोय." आणि त्यांच्या शेजारी बसला.

साहेब नखाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेडमधून मला हाका मारत होते, 'बाई, ताट आणा ताट', आणि मी तिथेच उभी होते.